भिंतीचं रसायन आणि कुलकर्ण्यांचा केवडा

उत्तनच्या किनाऱ्यावर जवळा वाळत घातलेला असतो. त्याच्या कवचातलं कायटिन आणि अळंबीच्या पेशीभित्तीतलं कायटिन मुळात एकच, या गोष्टीचं वेड मला भाईंदर पश्चिमेला राहायला आल्यापासून आहे. हे द्रव्य प्रथम सापडलं तेही अळंबीतच. १८११ साली फ्रान्समध्ये, आंरी ब्राकोनो यांना. कीटकांच्या कवचात ते नंतर आढळलं.

पेशीभित्तीवरून बुरशींचं गोत्र ठरवण्याची पद्धतशीर मांडणी १९६८ साली सालोमोन बार्तनिकी-गार्सिया या मेक्सिकन शास्त्रज्ञानं केली. भिंतीत कोणत्या दोन बहुशर्करा प्रमुख आहेत, एवढंच त्यांनी पाहिलं. अळंबी, भुरी रोगाची बुरशी यांच्यात कायटिन आणि ग्लुकान. म्युकरच्या कुळात कायटिन आणि कायटोसान. पिकांवर केवडा रोग आणणाऱ्या जीवांच्या कुळात मात्र सेल्युलोज आणि ग्लुकान. पुढे जनुकांच्या अभ्यासानं केवड्याला खऱ्या बुरशींतून उठवून तपकिरी शैवालांच्या पंगतीला बसवलं. यातल्या काही जातींत थोडं कायटिनही सापडतं, म्हणून एकट्या रसायनावर निकाल देऊ नये, असं माझं मत आहे. पण मोठी फांदी या रसायनानं अचूक ओळखली. नाशिकच्या द्राक्षबागेत याचा रोकडा पुरावा आहे: सेल्युलोज तयार होण्यात अडथळा आणणारं मँडीप्रोपामिड केवड्यावर चालतं, भुरीवर नाही.

मात्र सख्ख्या भावंडांत फरक करायचा तर ही भिंत मुकी होते. तिथे मला पुण्याचे बुरशी-अभ्यासक जी. एस. कुलकर्णी फार मोठे वाटतात. बाजरीचा गोसावी, म्हणजे तिच्यावरचा केवडा, आणि ज्वारीचा केवडा तेव्हा एकाच जातीचे मानले जात. कुलकर्ण्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू रुजताना पाहिले. बाजरीवरच्या बीजाणूतून पोहणारे चलबीजाणू बाहेर पडत. ज्वारीवरच्यातून सरळ अंकुरनलिकाच फुटे. दोघांची भिंत सेल्युलोजचीच, पण रुजण्याची रीत वेगळी. १९१३ साली त्यांनी ज्वारीवरच्या रोगाला त्याच जातीतला स्वतंत्र प्रकार म्हणून नाव दिलं. त्यासाठी भिंतीचं रसायन लागलं नाही. थंड, दमट वेळी पानाच्या खालच्या बाजूला येणारी पांढरी लव आणि ती न्याहाळणारा धीर पुरला.

१९३२ साली हार्वर्डचे वेस्टन आणि पुण्याचेच बी. एन. उप्पल यांनी त्या प्रकाराला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. १९७८ मध्ये शॉ यांनी ती जात पेरोनोस्क्लेरोस्पोरा या प्रजातीत हलवली. आज शास्त्रीय नावापुढे कंसात वेस्टन आणि उप्पल, कंसाबाहेर शॉ. प्रकाराच्या नावाला जातीच्या पातळीवर अग्रहक्क नसतो, हा नियम मला ठाऊक आहे आणि तो आवश्यकही आहे. तरीही ज्यानं हा फरक आधी पाहिला, त्या कुलकर्ण्यांचं नाव तिथे नाही, हे मला खटकतं.