छोटे स्पीकर, जोडीला सबवूफर : ऐकीव किती, खरं किती

रायपुरात बेस म्हणजे काय हे रस्त्यावर ठरतं. विसर्जनाच्या झांक्यांपुढे धुमाल वाजतो, लग्नसराईत डीजेची गाडी येते, आणि छातीत धडधडलं की लोक म्हणतात, ‘काय बेस आहे!’ हाच निकष डोक्यात ठेवून आपण जयस्तंभ चौकातल्या रविभवनात किंवा मालवीय रोडला खरेदीला जातो आणि दिवाणखान्यात एक घुमणारा खोका आणून ठेवतो. थोड्याच दिवसांत घरातलं कुणीतरी त्याची पिन काढून टाकतं. दोष बहुतेक वेळा खोक्याचा नसतो. छोटे स्पीकर आणि सबवूफर यांनी एकच काम वाटून घ्यायचं असतं. ती वाटणी नीट झाली नाही, तर महागाची जोडीही कानाला खटकते. या वाटणीत गोंधळ घालणारे काही गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती अशी :

गैरसमज : सबवूफर धमाक्यासाठी असतो. शास्त्रीय ऐकणाऱ्याला त्याचं काय काम?

वस्तुस्थिती : पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला, तर त्याची कंपनसंख्या साधारण १३९ हर्ट्झ येते. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर लागते, पियानोची डावीकडची शेवटची पट्टी २७.५ वर. पाच इंची वूफरचा बरा बुकशेल्फ स्पीकर ६० हर्ट्झच्या आसपास थकायला लागतो. म्हणजे ख्याल आणि नाट्यसंगीत त्याच्या आवाक्यात आहे, पण खर्ज अगदी काठावर.

मग वीतभर रेडिओवरही तंबोरा कसा ऐकू येतो? खर्जाचे वरचे स्वयंभू स्वर कानाला मिळतात आणि त्यांवरून मेंदू मूळ स्वर जुळवून घेतो. सबवूफर लागला की तो मूळ स्वर खोलीत खरोखर उमटतो. शिवाय खालचं जड काम उतरल्यामुळे छोट्या स्पीकरचा पडदा मोकळा होतो आणि गाणाऱ्याचा आवाज जास्त स्वच्छ येतो. नीट लावलेला सबवूफर वाजतोय हे कळतच नाही. बंद केला की मात्र गाणं एकदम पातळ होतं. तरीही छोट्या खोलीत फक्त भावगीतं ऐकायची असतील, तर चांगली बुकशेल्फ जोडी पुरते. दुकानदार म्हणतो म्हणून सबवूफर घ्यायची गरज नाही.

गैरसमज : आता तंत्रज्ञान पुढे गेलंय, मुठीएवढा स्पीकरही मोठ्यासारखा वाजतो.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जोसेफ अँटन हॉफमन, यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. लहान खोका, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये भरपूर आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरीवर पाणी सोडावं लागतं. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर तयार केला. माणसाच्या आवाजाच्या खरेपणासाठी तो आजही नावाजला जातो, पण खोल बेस त्यात नाही. बनवणाऱ्यांनी काय सोडायचं ते समजून-उमजून सोडलं होतं.

बाजारातल्या तळहाताएवढ्या स्पीकरांच्या संचात खरी अडचण वेगळीच असते. ते स्पीकर १५० हर्ट्झलाच हात टेकतात. मग सबवूफरला तिथपर्यंत वर चढावं लागतं, आणि पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग टीव्हीजवळून न येता कोपऱ्यातल्या खोक्यातून यायला लागतो. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा उमगत नाही. त्याच्या वर जसजसं जावं तसतसं उमगतं. म्हणून सबवूफरचा विचार करण्याआधी स्पीकर असे घ्यावेत, की ज्यांना ८० हर्ट्झपर्यंतचा भार सहज पेलेल. माहितीपत्रकावर ‘४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ एवढंच छापलं असेल, तर त्याला फार अर्थ नाही. शेजारी ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ लिहिलेलं आहे का ते बघावं.

गैरसमज : जास्त वॅट म्हणजे जास्त आवाज.

वस्तुस्थिती : खोक्यावरच्या हजारो वॅट ‘पीएमपीओ’ला कोणतंही ठरलेलं मोजमाप नाही, तो आकडा सोडून द्यावा आणि आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट, विचारावेत. त्यातही वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देणारा) स्पीकर २० वॅटवर एक मीटर अंतरावर १०० डेसिबल देतो. घरात एवढं कुणी तासभर ऐकू शकत नाही. तेव्हा ५० वॅटचा अँप्लिफायर बदलून ८०चा आणल्याने पदरात फारसं काही पडत नाही.

सबवूफरच्या बाबतीत वॅटपेक्षा किती हवा हलते ते महत्त्वाचं. सूर एक सप्तक खाली गेला, ४०वरून २० हर्ट्झवर आला, तर तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. म्हणून सिनेमातले स्फोट हवे असतील तर दहा-बारा इंची लागतो आणि संगीतासाठी आठ इंचीही चालतो. ‘मोठा वूफर सुस्त असतो’ हेही ऐकीवच. सुस्त वाटतो तो बहुधा खोलीत घुमणारा आवाज.

गैरसमज : बेसला दिशा नसते, तेव्हा सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो.

वस्तुस्थिती : दिशा कळत नाही, पण जागा नक्की कळते. आपल्याकडच्या नेहमीच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीचं उदाहरण घ्या. समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतरावरून त्या खोलीचे लाडके सूर ठरतात : १२ फुटांच्या बाजूने ४७ हर्ट्झ, १० फुटांच्या बाजूने ५६ हर्ट्झ. छतही दहा फुटांवर असेल तर तिथूनही ५६च. म्हणजे ५६ हर्ट्झचा सूर दोनदा फुगणार आणि गाण्यात तो स्वर आला की खोली गुरगुरणार. खोलीच्या ऐन मध्यावर बसलात, तर हेच सूर जवळजवळ नाहीसे होतात. दुकानाच्या मोकळ्या हॉलमध्ये ऐकलेला बेस घरी तसा येत नाही, त्याचं कारण हे.

यावर फुकटातला उपाय आहे. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवा. ज्यात बेस एकेका स्वरावरून पुढे सरकतो असं एखादं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक स्वर सारखा आणि मोकळा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू द्यावं. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो, पण सारखा येईलच असं नाही. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये मांडलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच वळणाचा : दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले, तर बेस खोलीभर बराच एकसारखा पसरतो. एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम बरे पडतात ते यामुळेच.

गैरसमज : जोडणी झाली, काम झालं.

वस्तुस्थिती : खरं काम इथे सुरू होतं. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘लार्ज’ निवडण्यात अनेकांना अभिमान वाटतो. छोट्या स्पीकरसाठी ‘स्मॉल’ निवडा, तरच खालचे सूर सबवूफरकडे वळतात. दोघांमधली हद्द ८० हर्ट्झपासून सुरू करा. चार इंची स्पीकर असतील तर १००-१२० करून बघा. ही हद्द रिसीव्हर राखत असेल, तर सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत फिरवा, नाहीतर एकाच हद्दीवर दोन चौक्या बसतात. मग फेज, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्या लहरींचा मेळ. एकाने खुर्चीत बसावं, दुसऱ्याने बटण शून्य आणि १८० असं खालीवर करावं. ज्या बाजूला बेस भरीव वाटेल, तीच ठेवावी. साध्या स्टीरिओ अँप्लिफायरला सबवूफरची वेगळी जागा नसली तरी अडत नाही. बऱ्याच सबवूफरना स्पीकरच्या तारेनेच जोडता येतं.

तारेवर खर्च करू नका. घराच्या वायरिंगमधली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा अडथळा ०.०७ ओहमच्या आसपास भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्काही नाही. सबवूफर सतत ‘हूं’ करत असेल, तर आधी अर्थिंग आणि प्लग तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे नेमकी सबवूफरच्या हद्दीतली.

गैरसमज : रात्री बेस कमी ऐकू येतो, म्हणून तेवढाच वाढवला तर कुणाला त्रास नाही.

वस्तुस्थिती : हळू आवाजात कान खालच्या सुरांना मंदावतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३मध्येच मोजून दाखवलं. ३१.५ हर्ट्झचा सूर नुसता ऐकू यायलाच सुमारे ६० डेसिबल लागतात. म्हणून आपण बटण फिरवत राहतो. भिंतही वरचे सूर अडवते, खालचे सोडून देते. शेजाऱ्याला गाणं ऐकू येत नाही, फक्त ठोके ऐकू येतात. खाली रबराची गादी घातल्याने फरशीची थरथर कमी होते, हवेतून जाणारा बेस नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डीजेविरुद्ध तक्रार करताना आपण जो नियम दाखवतो, तो आपल्या खिडकीलाही लागू आहे.

रायपूरपुरत्या आणखी काही गोष्टी. इथल्या उन्हाळ्यात अँप्लिफायर बंद कपाटात कोंडू नये. आणि वूफरच्या कडेला फोमऐवजी रबर असलेला स्पीकर घ्यावा, तो जास्त वर्षं टिकतो. उरला-सिलतराच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ जाळीत बसते. ती ओल्या फडक्याने नव्हे, मऊ ब्रशने काढावी.

दुकानात जाताना खोलीची मापं आणि आपली नेहमीची चार गाणी सोबत न्या. स्पीकर आधी सबवूफरशिवाय ऐका. त्यांत गायकाचा आवाज आवडला नाही, तर कोणताही सबवूफर तो सुधारू शकणार नाही. आवडला, तर स्पीकर घरी आणा, दोन-चार आठवडे ऐका आणि खाली काही कमी पडतंय असं वाटलं तरच सबवूफरचे पैसे काढा.