ब्रेकचे तेल जाते कोठे?

मालट्रकच्या ब्रेकचे तेल हा विषय वसंतातील संध्याकाळी सुशिक्षित नागरिकांपुढे मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका काहींच्या मनात येण्याचा संभव आहे. आपल्यापैकी फारच थोड्यांच्या दारी ट्रक असेल. परंतु ट्रकच्या पुढून किंवा शेजारून कधी गेला नाही असा मनुष्य आपल्यात एकही नसावा. खंडाळ्याच्या घाटात उतारावर मागून येणारा भरलेला ट्रक थांबणार की नाही, हा प्रश्न जितका त्याच्या ड्रायव्हरचा, तितकाच पुढच्या एस.टी.त बसलेल्या आपलाही आहे. म्हणून थोडे तपशिलात शिरून बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आजच्या नव्या जड ट्रकना बहुधा हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. परंतु जुन्या पिढीतील पुष्कळ ट्रकचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालत आणि असे ट्रक अजूनही कोठे कोठे राबताना दिसतात. आमचे बोलणे आहे ते यांच्याविषयी.

प्रथम या ब्रेकचे तत्त्व पाहू. बंदिस्त भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो दाब सर्व बाजूंस सारखाच पोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच पंडिताने मांडला. माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाने तो मोटारीच्या ब्रेकला लावून १९१७ साली त्याचे पेटंट घेतले. समजा, ड्रायव्हरने पायाने ३० किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे १५० किलो झाला. मास्टर सिलिंडरमधील दट्ट्याचे तोंड ५ चौरस सेंटिमीटर असेल, तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला ३० किलो दाब उत्पन्न होईल. हाच दाब नळ्यांतून प्रत्येक चाकापर्यंत जातो. तेथे ८ चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या असेल, तर तो ब्रेकशूला २४० किलोच्या जोराने ड्रमवर रेटील. जड ट्रकला एवढेही पुरत नाही, म्हणून मध्ये बूस्टर नावाचे साहाय्यक यंत्र बसवून जोर आणखी वाढवितात.

युक्ती मोठी सुंदर आहे. पण तिच्या सामर्थ्यातच तिचे दुबळेपण आहे. दाब सर्वत्र सारखा पोचतो, याचाच दुसरा अर्थ असा की, एका जागी वाट मोकळी झाली तर तो सर्वत्र सारखाच नाहीसा होतो. जुन्या ट्रकमध्ये बहुधा सर्व चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असे. मागच्या डाव्या चाकाची एक नळी फुटली की उरलेल्या सर्व चाकांचे ब्रेक जात. पुढे दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याची पद्धत आली. हवेच्या ब्रेकमध्ये तर आता अशी योजना असते की, हवा निघून गेली तर बळकट स्प्रिंग ब्रेक आवळून धरते. म्हणजे तेथे गळती झाल्यास गाडी थांबते. जुन्या तेलाच्या ब्रेकमध्ये गळती झाल्यास गाडी सुटते. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सर्व खटाटोप कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

असे असूनही जुन्या ट्रकमध्ये सीटखाली ब्रेक ऑइलची बाटली ठेवलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे. टाकी उतरली की क्लीनर थोडे ओततो आणि गाडी पुढे निघते. आम्हांस ठाऊक असलेल्या एका डिझेल ट्रकचे असेच चालले होते. आठवड्याला निम्मी टाकी उतरे. जमिनीवर मात्र थेंब नाही. मालकाने दोनदा चाकांची किटे बदलली, फरक पडला नाही. 'उन्हाने उडत असेल,' अशी समजूत करून घेऊन सर्व स्वस्थ बसले. पण ब्रेकचे तेल उन्हाने उडून जात नाही. त्याच्या साध्या प्रतीचा उत्कलनबिंदूसुद्धा ताजेपणी २०५ अंशांच्या वर असतो. टाकीतून गेलेले तेल कोठे तरी गेलेलेच असते. लायनर झिजले की पातळी थोडी उतरते हे खरे, कारण दट्ट्ये पुढे सरकून त्यांच्या मागे तेल अधिक मावते. पण ते काम महिनोन् महिन्यांचे, आठवड्याचे नव्हे. शेवटी एका वयस्क मिस्त्रीने बूस्टरची शोषणनळी काढून आत बोट फिरविले. बोट ओले आले. बूस्टर खोलला तेव्हा त्याच्या पोटात पेलाभर तेल साचलेले होते. घाटातून नित्य माल उतरविणारा तो ट्रक एका झिजलेल्या रबरी सीलच्या भरवशावर चालला होता.

तेव्हा शोध कसा घ्यावा? प्रथम गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. टाकीतील पातळीची खूण करावी. चाकांखाली व मास्टर सिलिंडरखाली पुठ्ठे पसरून गाडी रात्रभर तशीच ठेवावी. कित्येक गळत्या दाब असताना दिसत नाहीत, कारण दाबाने रबरी वाटीचे ओठ फाकून घट्ट बसतात. त्या गाडी उभी असताना गळतात. सकाळी एका माणसाने पेडल जोराने दाबून मिनिटभर धरावे व दुसऱ्याने खाली पाहावे. आता दाबाने फुटणारी गळती दिसेल.

ओल दिसली म्हणजे ती ब्रेकच्या तेलाचीच आहे असे समजू नये. मागच्या चाकात आसाचे गिअर ऑइलही सीलमधून येते. परीक्षा सोपी आहे. ब्रेकचे नेहमीचे, ग्लायकॉलचे तेल पाण्यात मिसळून जाते. गिअर ऑइल दाट असते, उग्र वासाचे असते आणि पाण्यावर तरंगते.

मग जागा क्रमाने पाहाव्यात. मास्टर सिलिंडरच्या मागील टोपणातून तेल पेडलच्या दांडीवर उतरते. चाकातील सिलिंडर गळत असेल, तर त्याचे रबरी टोपण उचलताच आत ओल दिसते आणि बाहेरून टायरची आतली बाजू भिजते. चेसिसवरच्या लोखंडी नळ्या पट्ट्यांखाली गंजतात किंवा घासून पातळ होतात. होज पाइप टोकांशी चिरतात. जुन्या ट्रकवर मागचा लाल दिवा लावणारे बटण तेलाच्याच दाबावर चालते. त्याच्या तारांच्या मुळाशी पाहण्याचे पुष्कळ लोक विसरतात. शेवटी बूस्टर. हवेच्या दाबाचा असेल, तर हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडाशी तेल फवारलेले दिसते. पेट्रोल इंजिनाच्या शोषणावर चालणारा असेल, तर तेल इंजिनात जाऊन जळते व पांढरा धूर निघतो.

पेडलही बोलते, ते ऐकावे. पाय ठेवताच स्पंजासारखे लागले, तर नळ्यांत हवा आहे. दोन-तीनदा मारल्यावर वर आले, तर हवा तरी आहे किंवा ब्रेकशू सैल तरी आहेत. धरून ठेवले असता हळूहळू खाली बसत गेले आणि तेल मात्र उतरले नाही, तर मास्टर सिलिंडरमधील वाटी दाब आतल्या आत सोडीत आहे. ही बाहेर न दिसणारी गळतीच होय.

दुरुस्तीत काटकसर नको. सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील, तर नव्या वाट्या घालून उपयोग नाही, सिलिंडरच बदलावा. तेल प्यालेले लायनर धुऊन परत बसवू नयेत. एका आसाच्या दोन्ही बाजूंचे बदलावेत, नाही तर गाडी एका अंगास ओढते. नळीचा नट गळतो म्हणून आवळीत सुटू नये. नळीचे फुलविलेले तोंड चिरले असेल तर आवळून ते अधिक चिरते. नळी पोलादीच घालावी. साधी तांब्याची नळी हादऱ्यांनी तडकते. रबर रॉकेलने किंवा डिझेलने धुऊ नये आणि टाकीत इंजिनचे तेल तर कधीच घालू नये. खनिज तेलाने सर्व वाट्या फुगून निकामी होतात. शेवटी कारखान्याने सांगितलेल्या क्रमाने हवा काढून ताजे तेल भरावे. हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावलेले तेल घाटात तापले की त्यात वाफ धरून पेडल पोकळ पडते. म्हणून बाहेर काढलेले तेल परत वापरू नये.

आणि वाटेतच पेडल खाली गेले तर? पेडल भराभर मारावे, गाडी गिअरमध्येच ठेवून खालच्या गिअरवर आणीत जावे व हँडब्रेक बेताबेताने ओढावा. जुन्या ट्रकचा हँडब्रेक दांड्यांनी किंवा तारेने चालत असल्यामुळे तेल गेले तरी तो उरतो. मात्र भरलेल्या ट्रकला उतारावर तो पुरा पडेलच असे नाही. डिझेल वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्याने तर इंजिनाचा हा आधार आधीच टाकून दिलेला असतो.

या सर्व तपासणीस एक रात्र, काही पुठ्ठे आणि दोन माणसे लागतात. सीटखालच्या बाटलीने खर्च वाचल्यासारखा वाटतो. वास्तविक तो पुढे ढकलला जातो आणि अखेरीस कोणाच्या पदरी पडेल ते सांगता येत नाही. म्हणून ट्रकमालकांस आमचे एवढेच सांगणे आहे की, टाकी उतरली तर भरण्यापूर्वी 'तेल गेले कोठे?' असे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी घाटात घालू नये. ज्यांच्याकडे ट्रक नाही, त्यांनी आपला माल ज्याच्या गाडीत चढवावयाचा, त्याला हाच प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.