कृषि-इमारतींची नियोजन-अनुज्ञा : इंग्लंडमधील न्यायालयीन वाद

गोठे, धान्यकोठारे, अवजारांच्या छपऱ्या, कुक्कुटगृहे इ. शेतीच्या बांधकामांना स्थानिक नियोजन प्राधिकरणाने दिलेल्या वा नाकारलेल्या अनुज्ञेविरुद्ध दाद मागण्यासंबंधीचा विधी. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमाने (अंमल १ जुलै १९४८ पासून) जमिनीचा विकास शासकीय अनुज्ञेच्या अधीन केला. शेतीसाठी होणारा जमिनीचा वापर मात्र ‘विकास’ या संज्ञेतून वगळला. इमारत उभारणे हा विकासच असला, तरी ठराविक मर्यादेतील कृषि-इमारतींना शासकीय आदेशान्वये सर्वसाधारण अनुज्ञा आधीच मिळालेली असते. शेती शहाजोग, म्हणून तिला मोकळीक, अशी ही मूळ भूमिका. बहुतेक वाद या सवलतीच्या सीमेवर उद्‌भवतात.

पाच हेक्टर वा त्याहून मोठ्या शेतीघटकावर, शेतीसाठी वाजवी रीत्या आवश्यक असलेली इमारत या सवलतीत बसते. क्षेत्रफळाची मर्यादा पूर्वी ४६५ चौ. मी. होती, २०१८ मध्ये ती १,००० व २०२४ मध्ये १,५०० चौ. मी. झाली. शेतकऱ्याने पूर्वसूचना दिल्यावर प्राधिकरणाने २८ दिवसांत काहीच न कळविल्यास काम सुरू करता येते. प्राधिकरणाला विचार करावयाचा तो जागा, रचना व बाह्य स्वरूप यांचाच. इमारत मुळात असावी की नाही, याचा नव्हे. ही मुदत प्राधिकरणावर कशी बंधनकारक ठरते, हे अपील न्यायालयाने २०१० मध्ये गुरांच्या गोठ्याच्या एका प्रकरणात दाखवून दिले. उलट, बेल्मॉन्ट फार्म खटल्यात (१९६२) उड्या मारण्याच्या स्पर्धांसाठी घोडे पैदा करणे व शिकविणे ही शेती नव्हे, असे ठरले.

कोठाराचे घर करण्याचा मोह हे वादांचे दुसरे मोठे कारण. २००१ मध्ये गवतकोठाराची अनुज्ञा मिळवून हर्टफर्डशरमधील एका मालकाने बाहेरून हुबेहूब कोठार दिसणारी इमारत बांधली. आत शयनगृहे, अभ्यासिका व व्यायामशाळा होती. चार वर्षे राहिल्यावर कालमर्यादेच्या आधारे त्याने वैधतेचे प्रमाणपत्र मागितले. सर्वोच्च न्यायालयाने ते २०११ मध्ये नाकारले. कोठार म्हणून इमारतीचा वापर कधी झालाच नव्हता, म्हणून वापरात बदलही नव्हता. शिवाय जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीचा लाभ कोणास घेता येत नाही, असा निर्णय झाला. त्याच वर्षी संसदेने लपविलेल्या बांधकामांसाठी स्वतंत्र तरतूद केली. चार वर्षांची ही मुदत इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून दहा वर्षांची झाली.

२०१४ पासून कृषि-इमारतीचे निवासात रूपांतर करण्यासही सवलत आहे. तथापि तीन बाजूंनी बव्हंशी उघड्या, पोलादी सांगाड्याच्या छपरीला नव्या भिंती घालणे म्हणजे रूपांतर नव्हे, ती नवी उभारणीच होय, असे उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले.

अनुज्ञा नाकारली गेल्यास अर्जदाराला मंत्र्याकडे अपील करता येते. ते बहुधा निरीक्षकच निकालात काढतो. त्यावर सहा आठवड्यांत उच्च न्यायालयात जाता येते. शेजाऱ्याला असे अपील नाही, आणि ही विषमता सहज समर्थनीय नाही. त्याला न्यायिक पुनर्विलोकनच उरते. त्याची मुदतही २०१३ पासून सहा आठवडे आहे. न्यायालय गुणदोष पाहत नाही, निर्णयाची वैधताच पाहते. श्रॉपशरमधील कुक्कुटगृहांची अनुज्ञा अपील न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली, ती दुर्गंधी असह्य होती म्हणून नव्हे, तर शेताबाहेर पसरल्या जाणाऱ्या कोंबडखताच्या वासाचे व धुळीचे परिणाम पर्यावरणीय अहवालात तपासले नव्हते म्हणून. रद्द झालेला अर्ज प्राधिकरणाकडे परत जातो आणि त्रुटी दूर झाल्यास पुन्हा मंजूरही होऊ शकतो. पर्यावरणविषयक दाव्यांत हरलेल्या व्यक्तीवर पडणाऱ्या प्रतिपक्षाच्या खर्चाची मर्यादा २०१३ मध्ये सर्वसाधारणपणे ५,००० पौंड ठरविण्यात आली.