व्हाइसरॉय, राष्ट्रपती आणि चाणक्य

आमच्या मुलुंडला समुद्र नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मिठागरे. अशा गावातल्या आमच्या चिरंजीवांनी बारावीनंतर 'मी बोटीवर जाणार' असे जाहीर केले आणि हिचे जेवणावरचे लक्ष उडाले. धडधड माझ्याही छातीत होती. पण बापाने ती दाखवायची नसते.

एका रविवारी ठाण्याला गाडी बदलून नेरूळला गेलो आणि 'टी. एस. चाणक्य' ही संस्था बाहेरून पाहून आलो. टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप. पण जहाज कुठेच नाही, इमारती! घरी येऊन चिरंजीवांना विचारले, तेव्हा त्याने साऱ्या नावांचा इतिहासच सांगितला.

भारतीय मुलांना व्यापारी जहाजांवर अधिकारी होता यावे, म्हणून १९२७ साली मुंबई बंदरात 'डफरिन' सुरू झाली. ही मुळात सैनिकांची ने-आण करणारी बोट. नाव एका व्हाइसरॉयचे. १९७२ मध्ये तिची जागा 'राजेंद्र'ने घेतली. हे नाव आपल्या पहिल्या राष्ट्रपतींचे. १९९३ मध्ये शिक्षण किनाऱ्यावर आले आणि नाव मिळाले चाणक्याचे. तिकडे इंग्रजांनीही १९६६ साली तरुणांसाठी शिडाचे जहाज बांधले, तर त्याला चर्चिलचे नाव दिले!

राजकारण करणाऱ्यांचा लाटांशी काय संबंध, असे मला वाटले. मग 'अर्थशास्त्रा'चे मराठी भाषांतर काढले. त्यात बंदरांवर देखरेख ठेवणाऱ्या नावध्यक्षाला सांगितले आहे, की वादळाने झोडपलेली नाव आली तर तिच्यावर पित्यासारखी माया करावी. माल भिजला असेल तर जकात माफ करावी किंवा निम्मी घ्यावी. राज्याच्या तिजोरीचा एवढा हिशेब ठेवणारा माणूस, पण इथे त्याला बाप आठवला. मी पुस्तक मिटले आणि प्रवेशाच्या अर्जावर सही केली.

आज चिरंजीव दूर समुद्रात आहेत. पहिल्या फोनवर म्हणाला, "आई, दर महिन्याला लाइफबोटीची कवायत असते. कुणी कुठल्या बोटीत जायचे, ते आधीच ठरलेले असते." १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा सगळ्यांना पुरतील एवढ्या लाइफबोटीच नव्हत्या, त्यानंतर जगाने हे नियम केले.

हिने एवढेच विचारले, "तुझी बोट कुठली रे?"

त्याने सांगितली. त्या रात्री ही पोटभर जेवली.