एक माणूस गेला, तर त्याच्या जागी किती लागतील?

व्हिडिओमध्ये ‘इंडियन ओशन’च्या लाइव्ह शोबद्दल मी दोनच मिनिटं बोललो, कारण तिथं विषय पगाराच्या हिशेबाचा होता. इथं जरा निवांत सांगतो.

हा दिल्लीचा बँड. १९९० मध्ये सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी सुरू केला. २००० साली ‘कंदिसा’ अल्बम आला आणि त्यांचं नाव झालं. मी बीबीएला होतो तेव्हा, २०१० मध्ये, ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमची गाणी त्यांनी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर चक्क फुकट दिली. सायबर कॅफेत बसून पेन ड्राइव्हवर घेतली होती मी. तेव्हापासून मी त्यांचं पक्कं गिऱ्हाईक. फक्त एक गोष्ट मला उशिरा कळली. त्या गाण्यांत ज्यांचा आवाज आवडला, ते असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ लाच गेले होते.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. हा माणूस तबला वाजवायचा आणि वाजवता वाजवता गायचा. दोन कामं, एक माणूस. आपल्या भागातली निम्मी दुकानं अशीच चालतात ना? मालकच खरेदीला जातो, मालकच गल्ल्यावर बसतो आणि उधारी कोणाकडे किती, तेही त्याच्याच डोक्यात.

नागपूरला एका कॉलेजच्या मैदानावर शेवटी एकदा त्यांना प्रत्यक्ष पाहिलं. वर्ध्याहून दुपारीच निघालो, दुकान पोरांवर सोडून. रात्रीचा मुख्य कार्यक्रम त्यांचाच होता. आधी दोन नवे बँड वाजवून गेले (त्यातल्या एकाचा निम्मा वेळ गिटार जुळवण्यातच गेला, असो). मग हे आले आणि मी आधी डोकी मोजली. पाच जण. असीमदांच्या वेळी चार असायचे. त्यांच्या जागी गायला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती, असे दोघं घेतले होते. पुढं २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, त्यांच्या जागी गिटारवर निखिल राव आले. म्हणजे ज्या दोघांनी बँड काढला, त्यातलं स्टेजवर कोणीच नव्हतं! तरी ‘मा रेवा’ सुरू झालं आणि शेजारची विशीतली पोरं शब्दन् शब्द म्हणत होती. अंगावर काटा आला, खरं सांगतो.

हिमांशू जोशी असीमदांची नक्कल करत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. गाणं तेच, गळा आपला. आणि एक काम त्यांनी वाटून दिलेलं नाही. गाण्यांच्या मधे लोकांशी गप्पा मारणं, त्यांना हसवणं. ते राहुल रामच करतात, १९९१ पासून बँडमध्ये असलेले. मी तर म्हणेन, जुन्या मालकानं गल्ल्याजवळ असावं ते यासाठीच.

पण हे स्वस्तात होत नाही, हेही ऐका. स्टेजवर एक माणूस वाढला की प्रवासाचं एक तिकीट वाढतं, एक खोली वाढते, मिळकतीत एक तोंड वाढतं.

माझ्या बॅचमध्ये पुलगावची एक ताई आहे. घरून चिवडा-लाडू विकते. दिवाळीच्या तोंडावर सासूबाई आजारी पडल्या, ही बारा दिवस दवाखान्यात. ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच. मला म्हणाली, “दादा, माझ्यासारखी दुसरी बाई कुठून आणू?” म्हटलं, आणूच नको. तुझी कामं कागदावर मांड. मांडली तर अकरा निघाली! तळण एका मावशीकडे गेलं, पॅकिंग दुसरीकडे. मसाल्याचं माप हिच्या हातात होतं, “अंदाजानं टाकते” म्हणायची. ते तीन दिवस काट्यावर मोजून ग्रॅममध्ये लिहून घेतलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करणं मात्र तिनं स्वतःकडंच ठेवलं.

आता दोघींची मजुरी जाऊन किलोमागे तिला पूर्वीपेक्षा कमी सुटतं. यावर ती माझ्याशी अजून भांडते. तिचं म्हणणं चूक नाही. महिन्याला चाळीस किलोच विकायचं असेल तर एकटीनंच करणं फायद्याचं आहे. तिला यंदा वर्ध्याच्या दोन दुकानांत माल ठेवायचाय, तिथं एकटीचं गणित बसत नाही. भाव किती वाढवायचा यावर आमचं घोडं अडलंय. पुढच्या व्हिडिओत तिची वही घेऊनच बसतो, आकड्यांसकट. तोवर तुमची अकरा कामं कोणती, ते लिहून ठेवा.