नवी पेठ ते न्हावा शेवा

सोलापूरच्या नवी पेठेत खेळण्यांच्या किंवा मोबाइलच्या सामानाच्या दुकानात एखादा परदेशी मालाचा खोका हातात घ्या आणि उलटा करून बघा. किमतीजवळ बारीक अक्षरांत आयातदाराचं नाव, पत्ता आणि मूळ देश छापलेला असतो. वजनमापांच्या कायद्यानं हे सगळं छापावंच लागतं. गिऱ्हाईक तिकडं बघत नाही. पण व्यापाऱ्यानं बघावं, कारण परदेशी मालातला नफा आणि जोखीम दोन्ही त्या पत्त्यावर राहतात.

सोलापूरला समुद्र नाही. न्हावा शेवा बंदर इथून सुमारे ४०० किलोमीटर. तरी या गावाचं पोट आयात शुल्काशी जुनं बांधलेलं आहे. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. पुढं १८९६ मध्ये इंग्रज सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचं नुकसान नको म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. आपल्या गावात, आपल्या माणसांनी विणलेल्या कापडावर तो कर तब्बल तीन दशकं वसूल होत राहिला आणि १९२६ मध्ये रद्द झाला. दराचा एक आकडा कोणाच्या बाजूनं लिहिला जातो, हे या गावाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

२०२५ हे वर्षही तसंच गेलं. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात ठरावीक वेगमर्यादेखालच्या रेपियर आणि एअरजेट मागांवरचं साडेसात टक्के मूळ शुल्क शून्य झालं. १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं गेलं. ते २०२१ च्या फेब्रुवारीत लागलं होतं. आणि २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, म्हणजे सोलापूरच्या टेरी टॉवेलच्या गठ्ठ्यालाही तिथं तोच दर. माग स्वस्त झाला, कापूस स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली, आणि विणलेल्या टॉवेलचं गिऱ्हाईक महाग झालं. एकाच वर्षात, एकाच गावावर.

मागाचा हिशेब मांडून बघू. समजा वाहतूक आणि विमा धरून एका मागाची किंमत १० लाख रुपये. आधी साडेसात टक्के मूळ शुल्क ७५,००० रुपये. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ७,५०० रुपये. झाले १०,८२,५००. त्यावर १८ टक्के आयजीएसटी १,९४,८५० रुपये. बंदरावर एकूण २,७७,३५० रुपये मोजायचे. आता मूळ शुल्क आणि अधिभार गेले, उरला फक्त १,८०,००० रुपयांचा आयजीएसटी. यातली गोम अशी, की नोंदणीकृत कारखानदाराला आयजीएसटीची वजावट नंतर मिळते; मूळ शुल्क आणि अधिभार मात्र किमतीत कायमचे मुरतात. म्हणून खरी बचत ८२,५०० रुपयांची. आणि वजावट मिळेपर्यंत अडकणाऱ्या १,८०,००० रुपयांची सोय आधीच करून ठेवावी लागते. छोट्या यंत्रमागधारकाचं गणित चुकतं ते इथं.

निर्यात करणाऱ्यांसाठी यंत्रं आणण्याची ईपीसीजी योजना आहे. तिच्यात यंत्र शुल्काविना आणता येतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. अमेरिकेची मागणी डळमळलेली असेल तेव्हा असा शब्द देण्याआधी दहादा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण या लेखात मला मुख्य सांगायचं आहे ते दरांबद्दल नाही. दर बदलतात. आपली चूक दुसरीकडं होते. ‘कस्टमचं सीएचए (म्हणजे कस्टम एजंट) बघतो’ हे वाक्य पेठेत इतक्या सहजपणे बोललं जातं, की २०११ पासून कायदा बदलला आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तेव्हापासून शुल्काचं मूल्यांकन आयातदारानं स्वतः करायचं असतं. अधिकारी ते तपासतो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं विवरण, एजंटनं भरली तरी नाव आपलं, आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक आपला, उत्तरही आपल्यालाच द्यायचं. कमी शुल्क भरल्याची नोटीस साधारणपणे दोन वर्षांपर्यंत येऊ शकते. माहिती लपवली असेल तर पाच वर्षांपर्यंत. तोवर माल विकून झालेला असतो आणि गिऱ्हाइकाकडून फरक मागता येत नाही.

सगळं उभं असतं मालाच्या आठ आकडी वर्गीकरणावर, म्हणजे कोडवर. दर त्यावरून ठरतो आणि परवानगीही त्यावरूनच. खेळण्यांचंच घ्या. २०२० मध्ये मूळ शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं. पैसे भरायची तयारी असली तरी प्रमाणपत्राविना खेळणं सुटत नाही. मुलांच्या हातात आणि तोंडात जाणाऱ्या वस्तूबद्दल ही सक्ती योग्यच आहे. वर्गीकरणाबद्दल शंका असेल तर माल मागवण्याआधी मुंबईच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडं विचारता येतं. आपल्याकडं हा मार्ग फार कमी लोक धरतात.

वेळेचंही तसंच. जहाज बंदरात पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढं रोज १०,०००. कंटेनर उशिरा परत केल्याबद्दल जहाज कंपनीचं डिटेन्शन आणि कंटेनर यार्डाचं भाडं वेगळं. मूल्यांकन आता संगणकाद्वारे देशातल्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं जातं, त्यामुळं ‘ओळखीचा साहेब’ हा उपाय संपला. कागद स्वच्छ असणाऱ्या गावकुसातल्या व्यापाऱ्याला हे सोयीचंच आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बिलात किंमत कमी दाखवून पाठवतो, असं परदेशी पुरवठादार गोड बोलून सुचवतो. ते ऐकू नका. त्याच जातीच्या मालाच्या किमती कस्टम विभागाकडं असतात. माल जप्त होऊ शकतो, आणि हेतुपुरस्सर चुकवेगिरी ठरली तर बुडवलेल्या शुल्काइतकाच दंड वर बसतो.

गावातल्या व्यापारी संघटनांनी आता एवढं करावं. माग, सुटे भाग, रंग-रसायनं, झिप-बटणं, खेळणी, मोबाइलचं सामान, अशा इथं लागणाऱ्या वस्तूंची आठ आकडी कोडांसह यादी मराठीत तयार करावी, पुढं चालू दर आणि लागणारं प्रमाणपत्र लिहावं, आणि दर अर्थसंकल्पानंतर ती दुरुस्त करावी. आणि पेठेतल्या तरुण दुकानदारांनो, पुढची ऑर्डर देताना भावाच्या आधी पुरवठादाराला मालाचा आठ आकडी कोड विचारा, आणि तो आपल्या दरपत्रकाशी स्वतः ताडून बघा.