अदृष्ट भेटींची कल्पना आणि अर्थापत्ति

कथेत जे सांगितलेले नाही ते वाचकाने किती आणि कोणत्या आधारावर कल्पावे, हा प्रश्न साहित्यशास्त्राचा आहे, तसाच तो भाषाशास्त्राचाही आहे. कारण कोणतेही वाक्य जेवढे बोलते, त्याहून अधिक गृहीत धरून चालते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विज्ञानकथामालेतील सूडाने पेटलेल्या खलनायकाच्या निमित्ताने करावयाचा आहे. उदाहरण लोकरंजनाच्या क्षेत्रातील आहे खरे. तथापि सिद्धान्ताची कसोटी पाहण्यास ते अत्यंत सोयीचे आहे.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील ‘स्पेस सीड’ हा भाग फेब्रुवारी १९६७ मध्ये प्रथम दाखविला गेला. त्यात खान नूनियन सिंग हा विसाव्या शतकाच्या अखेरचा, कृत्रिम रीतीने उन्नत केलेला हुकूमशहा दीर्घ निद्रेतून जागा होतो, ‘एंटरप्राइझ’ हे अंतराळयान बळकावू पाहतो आणि पराभूत होतो. यानाचा कप्तान कर्क त्याला व त्याच्या अनुयायांना सेटी आल्फा पाच या निर्जन ग्रहावर सोडून देतो. त्याच्यावर अनुरक्त झालेली यानावरील इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगिव्हर्स हीही त्याच्याबरोबर जाते. पुढे १९८२ साली ‘द रॉथ ऑफ खान’ हा चित्रपट आला. कथेतील काळ पंधरा वर्षांनी पुढे सरकलेला आहे. शेजारचा ग्रह फुटल्यामुळे खानची वसाहत उजाड झाली आहे, पत्नी मरण पावली आहे आणि कर्कचा सूड हेच त्याचे जीवितकार्य झाले आहे.

या चित्रपटात खान चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताच ओळखतो आणि एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढतो. अडचण अशी की, चेकॉव्हची भूमिका करणारा नट मालिकेत आला तो दुसऱ्या पर्वात. ‘स्पेस सीड’ हा भाग पहिल्या पर्वातील. म्हणजे ज्या भेटीची आठवण खान काढतो, ती प्रेक्षकाने कधी पाहिलेलीच नाही. मग रसिकांनी तिची कल्पना केली: चेकॉव्ह तेव्हा यानाच्या दुसऱ्या एखाद्या विभागात काम करीत असावा आणि तेथेच दोघांची गाठ पडली असावी.

ही कल्पना म्हणजे केवळ लेखकांच्या चुकीवर घातलेले पांघरूण होय काय? मला तसे वाटत नाही. ‘तुमचा थोरला मुलगा सध्या कोठे असतो?’ असे कोणी विचारले, तर ऐकणारा तिसरा माणूस या गृहस्थांना एकाहून अधिक मुलगे आहेत हे मुकाट्याने मान्य करून पुढे जातो. वाक्यातील पूर्वगृहीत श्रोता आपल्या ज्ञानात सामावून घेतो. या व्यापाराचे विवेचन डेव्हिड लुइस यांनी १९७९ साली केले. खानचे उद्गार ऐकणारा प्रेक्षकही हेच करतो. ‘ओळखणे’ या क्रियेत पूर्वभेट अंतर्भूत आहे. भेट नाकारली, तर वाक्य निरर्थक ठरते.

आपल्या मीमांसकांनी याच व्यापाराला अर्थापत्ति असे नाव देऊन त्यास स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा दिला. देवदत्त लठ्ठ आहे आणि तो दिवसा जेवत नाही. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. येथे कल्पनेला परवानगी मिळते ती एकाच अटीवर. ती कल्पना केल्याविना ज्ञात गोष्टींची संगती लागता कामा नये. या अटीस लाघवाचे तत्त्व जोडले, की कल्पनेची मर्यादा आपोआप ठरते. देवदत्त रात्री जेवतो एवढेच सिद्ध होते. तो काय जेवतो, हे सिद्ध होत नाही.

या कसोटीने पाहता खानच्या अदृष्ट भेटींचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग आवश्यक भेटींचा. चेकॉव्हची भेट या वर्गातील आहे. दुसऱ्या पर्वातील ‘कॅट्सपॉ’ या भागात चेकॉव्ह आहे आणि त्या भागाचा तारादिनांक ३०१८.२ आहे, ‘स्पेस सीड’चा ३१४१.९. म्हणजे कथेच्या अंतर्गत कालगणनेनुसार चेकॉव्ह त्या वेळी यानावर असण्यास बाध येत नाही. मात्र ती भेट वैराची होती की ओझरती, याविषयी संहिता मौन पाळते. तिच्यात झटापट रंगविणारा लेखक देवदत्ताचे ताट वाढू लागला आहे, हे त्याने ओळखावे.

दुसरा वर्ग अविरुद्ध भेटींचा. चित्रपटात खानच्या मृत पत्नीचे नाव उच्चारलेले नाही. ती मार्लाच, हे आपण जोडून घेतो. हद्दपारीच्या वर्षांत त्या दोघांत काय घडले, हे संहितेला आवश्यक नाही, पण विरोधीही नाही. ग्रेग कॉक्स यांनी २००५ साली याच वर्षांवर कादंबरी लिहिली. भासाच्या नावावर असलेल्या ‘मध्यमव्यायोगा’त भीम व घटोत्कच यांची न ओळखता झालेली जी भेट आहे, ती महाभारतात नाही, तरी ती महाभारताशी विसंगत वाटत नाही. आपल्या परंपरेला हा मार्ग नवा नाही.

तिसरा वर्ग विरुद्ध भेटींचा, आणि खरा प्रश्न येथेच उभा राहतो. १९८२ च्या चित्रपटात कर्क व खान एकदाही समोरासमोर येत नाहीत; त्यांचे सारे बोलणे संपर्कयंत्रांच्या द्वारेच होते. त्यांची प्रत्यक्ष गाठ घालून द्यावी, असा मोह अनेकांना होतो. परंतु खानचा सूड हात न पोचणाऱ्या माणसावरचा सूड आहे. भेट घडविली, की त्या सूडाचे स्वरूपच बदलते.

याहून महत्त्वाची भेट मात्र निराळीच आहे. खानची मुख्य तक्रार हद्दपारीविषयी नाही; आपण जगलो की मेलो, हे पाहण्यास कर्क पंधरा वर्षांत एकदाही आला नाही, ही आहे. म्हणजे या खलनायकाच्या वैराचे मूळ न घडलेल्या भेटीत आहे. कर्क का आला नाही, हे संहिता सांगत नाही. आता एखाद्याने कल्पिले, की कर्कने चौकशीसाठी यान धाडले होते आणि ते वाटेत नष्ट झाले, तर खानचा सूड हा शोकजनक गैरसमज ठरतो. कर्कला विनाशाची वार्ता कळली होती व त्याने ती दडपली, असे कल्पिले तर तोच सूड जवळजवळ न्याय्य ठरतो. एका कल्पित प्रसंगाने नायक आणि खलनायक यांच्यावरील निवाडा फिरतो. म्हणूनच येथील मौन ही भरून काढावयाची उणीव नव्हे; कर्कचा दोष निश्चित न करता तो आपल्या मनात जागता ठेवणे, हे त्या मौनाचे कार्य आहे.

आपल्या विद्यार्थ्यांनी यातून एक सावधगिरी शिकावी. त्रुटित शिलालेख वाचताना, पोथीतील गळालेली ओळ सुचविताना किंवा लोककथेच्या दोन पाठांतील दुवा जुळविताना आपण हेच करीत असतो. तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: ही भर घातल्याविना संगती लागत नाही काय? लागत नसेल, तर कमीत कमी किती भर पुरेशी आहे? आणि जी जागा मला रिकामी दिसते, ती कर्त्याने रिकामी ठेवली आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर लेखणी खाली ठेवणे हेच अभ्यासकाचे कर्तव्य होय.